गाईची सावली काळी का नाही?

चित्रकार कामीय पिसारो १८८४ साली पॅरिसच्या वायव्येला, एप्त नदीकाठच्या एरानी गावात राहायला गेला. घरापुढे कुरण, सफरचंदाची झाडं, चरणाऱ्या गाई. हेच तो वर्षानुवर्षं रंगवत राहिला. त्या चित्रांतल्या गाईच्या पायाशी पडलेली सावली जरा निरखून पाहा. काळा रंग सहसा सापडत नाही. सापडतो तो निळा, जांभळट.

यात चित्रकाराची लहर कमी आणि निसर्ग जास्त. गाईने सूर्य अडवला तरी आकाश अडत नाही. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात, आणि सावलीतल्या गवतावर तोच पडतो.

उरलेली करामत आपल्या डोळ्यांची. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात चित्रपडदे विणले जात. तिथला काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार रंगखात्याचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मार खात होता. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो, हे त्याने १८३९ साली पुस्तकात मांडलं. हिरव्या कागदावर राखाडी तुकडा ठेवा, तो किंचित गुलाबी वाटेल. मग हिरव्या कुरणातली सावली जांभळट दिसली तर नवल काय?

१८८५ साली पिसारोची तरुण चित्रकार जॉर्ज स्यूराशी गाठ पडली आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस पंचविशीतल्या पोराचं पाहून ठिपक्यांनी चित्र काढू लागला. निळे-पिवळे ठिपके लांबून लख्ख हिरवे दिसतात, असं अनेकदा लिहिलं जातं. ते चूक आहे. रंग पॅलेटवर कालवले तर हिरवा मिळतो. बारीक ठिपक्यांतून येणाऱ्या प्रकाशाची डोळ्यात सरासरी होते आणि दिसतो राखाडीकडे झुकणारा रंग. म्हणून पिसारोच्या गवतात हिरवा आधीपासूनच असतो. नारिंगी, निळे ठिपके त्यात पेरलेले असतात.

गाईला स्वतःला यातलं बरंचसं दिसलं नसतं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात दोनच. तांबडं आणि हिरवं तिला नीट वेगळं करता येत नाही.

१८९० च्या सुमारास पिसारोने ठिपके सोडले. फार वेळ खातात, ही त्याची एक तक्रार. गाय तेवढा वेळ एका जागी थोडीच उभी राहते!