रेंज फुल, तरी नेट का रखडतं?

फोनवर सगळ्या दांड्या, पण व्हिडिओचं चक्र फिरतंच राहतं. दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात. त्या सेलवर, म्हणजे टॉवरच्या एका फ्रिक्वेन्सीने व्यापलेल्या भागात, आपल्यासोबत किती वाटेकरी आहेत, ते दाखवत नाहीत.

एकाच टॉवरवर बहुधा अनेक थर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे बँड, असतात. ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड लांब जातो, भिंतींतून आत शिरतो, पण अरुंद असतो. १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झचा पल्ला कमी, रुंदी सहसा जास्त. ४जीत ५ मेगाहर्ट्झच्या सेलकडे वाटायला २५ रिसोर्स ब्लॉक (फ्रिक्वेन्सीचे छोटे तुकडे, ज्यांवर फोनचा डेटा जातो) असतात, २० मेगाहर्ट्झच्या सेलकडे १००. नुसत्या सिग्नलच्या जोरावर फोनला थर निवडू दिला, तर सगळे त्या २५ ब्लॉकांवर गर्दी करतात आणि रुंद थर मोकळा पडतो.

म्हणून नेटवर्क प्रत्येक थराला ० ते ७ असा अग्रक्रम देऊन तो सगळ्या फोनना ऐकवतं. खिशात शांत पडलेला फोन वरच्या अग्रक्रमाचा थर ठरलेल्या पातळीच्या वर मिळाला की तिकडे सरकतो, मग आधीचा सिग्नल कितीही जोरदार असो. गर्दी पांगवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग, कारण चालू कनेक्शन हलवावं लागत नाही.

घोटाळा होतो तो शांत फोनसाठीचे आणि डेटा चालू असलेल्या फोनसाठीचे नियम जुळत नाहीत तेव्हा. समजा, शांत फोनला १८०० वर यायला उणे ११० डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप; शून्याच्या जितकं जवळ, तितका जोर जास्त) पुरतात, पण डेटा चालू असताना उणे १०६ च्या खाली गेलं की त्याला ८०० वर ढकलायचं, असं ठरवलंय. उणे १०८ वरचा फोन १८०० वर बसतो, डेटा सुरू होताच खाली फेकला जातो, काम संपलं की पुन्हा वर. दिवसभर हाच झोका. डेटा चालू असतानाची हकालपट्टीची पातळी प्रवेशाच्या पातळीपेक्षा काही डेसिबल खाली ठेवली की तो थांबतो.

चालू कनेक्शन गर्दीमुळे हलवायचं, तर आधी गर्दी मोजायला हवी आणि इथे भलेभले फसतात. ब्लॉक ९५ टक्के वापरात म्हणजे सेल भरला, असं नाही. रिकाम्या सेलवर एकटा माणूस मोठी फाइल उतरवत असेल, तरी सगळे ब्लॉक त्यालाच मिळतात आणि आकडा शंभरीला टेकतो. त्याला हलवून काय मिळणार? एकाच वेळी डेटा मागणारे किती आणि प्रत्येकाला मिळणारा वेग किती, हे सोबत पाहिलं तरच चित्र खरं.

मग कोणाला हलवायचं? दुसऱ्या थरावर ज्याचा सिग्नल चांगला आहे त्याला. कडेच्या माणसाला तिथे ढकललं, तर तेवढ्याच डेटासाठी तो कितीतरी जास्त ब्लॉक खातो. हे तपासायचं तर फोनला दुसरी फ्रिक्वेन्सी मोजायला लावावी लागते. ४जीत त्यासाठी दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांतले ६ मिलिसेकंद डेटा थांबतो. ४० च्या हिशेबाने १५ टक्के वेळ. म्हणून सगळ्यांना मोजायला लावू नये, थोडे निवडावेत.

फोन हलवणं सुरू करण्याची आणि थांबवण्याची रेषाही एकच नको. लोड, म्हणजे गर्दीचा भार, ७० टक्क्यांवर गेला की सुरू, ५० वर आला की बंद, असं अंतर हवं. समोरच्या थराचा लोडही आधी विचारायचा आणि एका फेरीत मोजकेच फोन हलवायचे. नाहीतर सगळा घोळका तिकडे जातो, तो थर भरतो आणि थोड्या वेळाने तोच घोळका परत येतो.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. हलवलेल्या फोनचं काम संपलं की तो शांत होतो आणि सगळ्यांसाठीचा अग्रक्रम वाचून मूळच्या भरलेल्या थरावर परततो. यावर उपाय कनेक्शन सोडताना करायचा: त्या फोनपुरता वेगळा अग्रक्रम द्यायचा, मुदतीसह. ४जीत ही मुदत ५ मिनिटांपासून १८० मिनिटांपर्यंत ठेवता येते. गर्दी तासभराची असेल तर १८० लावू नये. गर्दी ओसरल्यावरही फोन तोच वेगळा अग्रक्रम धरून बसतो.