फोल्डरवृक्षावरील पाळत

लाखो फाइलींच्या साठ्यात कोणती फाइल नवी आली, कोणती बदलली, कोणती पुसली गेली, हे सगळा साठा पुन्हा न चाळता कळावे यासाठीची व्यवस्था. बॅकअप, सिंक आणि प्रोग्रॅमरांचे एडिटर तिच्यावर विसंबून असतात.

जुनी रीत गस्तीची: ठरावीक वेळाने प्रत्येक फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ तपासायची. समजा, पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात पोथ्या स्कॅन होतात. दर पोथीला एक फोल्डर, दर पानाला एक फाइल. वीस लाख पाने साठली की आज बदललेली चाळीस पाने शोधायला वीस लाख दारे ठोठवावी लागतात. नुसती फोल्डरची वेळ पाहून भागत नाही. आत फाइल आली, गेली किंवा तिचे नाव बदलले तरच ती वेळ हलते; आहे त्याच फाइलीत मजकूर बदलला तर हलत नाही.

दुसरी रीत कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, वर्दी घेण्याची. लिनक्समध्ये २००५ साली, कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत, त्यासाठी आयनोटिफाय ही सोय आली. त्याचा पहारा एका फोल्डरपुरता असतो, पोटफोल्डरांवर वेगळा बसवावा लागतो. अशा पहाऱ्यांची मर्यादा बरीच वर्षे दर वापरकर्त्यामागे ८,१९२ होती, ५.११ पासून ती मेमरीच्या प्रमाणात ठरते. मर्यादा संपली की 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश येतो आणि माणूस डिस्क रिकामी करत बसतो. डिस्कचा त्यात काही दोष नसतो.

नवे फोल्डर तयार होणे आणि त्यावर पहारा बसणे यांच्यामधल्या क्षणात आलेल्या फाइली निसटतात. म्हणून पहारा बसवल्यावर ते फोल्डर एकदा चाळणे अत्यावश्यक. वर्दींची रांग साधारणपणे १६,३८४ वर भरते. पुढच्या वर्दी गळतात, फक्त 'रांग भरली' एवढे कळते. मग पूर्ण गस्तीला पर्याय नाही.

मॅकवरील अशीच सोय एफएसइव्हेंट्स (२००७) आणि विंडोजच्या एनटीएफएस या फाइलसिस्टिममधील (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीतील) बदलनोंदवही या बाबतीत सरस आहेत: नोंदी डिस्कवर राहतात, त्यामुळे प्रोग्रॅम बंद असताना काय घडले तेही बहुधा विचारता येते. लिनक्समध्ये फॅनोटिफाय या दुसऱ्या सोयीने ४.२० या आवृत्तीपासून अख्ख्या फाइलसिस्टिमवर एकच खूण पुरते, पण तिला प्रशासकाचे अधिकार लागतात.

एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर वापरण्याच्या पद्धतीने, जोडलेल्या फोल्डरात दुसऱ्या यंत्राने केलेला बदल आयनोटिफायला दिसत नाही. स्कॅनिंगच्या टेबलावरून पान थेट सर्व्हरवर जात असेल, तर पहारा त्या सर्व्हरवरच हवा.