‘मिशनवर गेलं की डॉलर मिळतात’ : एक खुलासा

नागपूरच्या सदर-मोहननगरात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: चर्चतर्फे परदेशी गरीब कुटुंबांच्या सेवेला गेलं की तिकीट फुकट, वर डॉलरमध्ये पगार. तसं नसतं. अशा सेवेत बहुतेक वेळा जाणाराच खर्च उचलतो, नाहीतर मंडळीतून देणग्या गोळा करतो.

गैरसमजाचं मूळ बहुधा हिस्लॉप साहेबांच्या काळात असावं. 1845 मध्ये नागपुरात आलेले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चने नेमलेले मिशनरी होते. पगारी नेमणूक वेगळी, महिना-दोन महिन्यांची स्वयंसेवा वेगळी.

आमच्या ओळखीतली एक मुलगी युगांडाला निघाली होती. तिकिटासाठी तिने कित्येक रविवार उपासनेनंतर आवारात सांबारवडी विकली, कढी वेगळ्या डब्यात. घेणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘मग पगार किती?’ शून्य! शिवाय यलो फीव्हरची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते. त्या लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड नसलं, तर तिथून परतताना आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आणि ‘तिकडे गेलं की तिकडचेच होतो’, हेही खोटं. ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा जास्तीत जास्त 12 महिन्यांचा, कामही बिनपगारी. तेव्हा कुणी ‘मिशनची नोकरी लावून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागत असेल, तर सरळ आपल्या पाळकांना विचारा.