पार्श्वभूमी : फिलिपिन्सचा परदेशी पगार आणि घरचे व्हीआयपी

२०१८च्या जुलैत कुवेतमधल्या सोंडोस अल-कत्तान यांनी इन्स्टाग्रामवर एक तक्रार केली. मेकअपच्या व्हिडिओंमुळे त्या प्रसिद्ध होत्या, फॉलोअर वीस लाखांच्या वर. त्यांचं म्हणणं असं, की मोलकरणीने पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, वर आठवड्याला एक सुट्टी घ्यायची, आणि उद्या ती पळून गेली तर नुकसान कोणी भरायचं? यापुढे फिलिपिनो बाई ठेवणार नाही, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं. त्यावर जगभरच्या फिलिपिनोंनी गदारोळ केला, सौंदर्यप्रसाधनांच्या काही कंपन्यांनी बाईंपासून अंग काढून घेतलं. बाईंनी मात्र माघार घेतली नाही.

ज्या नियमांवर त्या चिडल्या होत्या, ते जेमतेम दोन महिन्यांचे होते. त्या वर्षी फेब्रुवारीत कुवेतमधल्या एका रिकाम्या फ्लॅटच्या फ्रीझरमध्ये एका फिलिपिनो घरकामगार तरुणीचा मृतदेह सापडला. ती वर्षभराहून जास्त काळ बेपत्ता होती. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी कुवेतला माणसं पाठवणं थांबवलं आणि मे महिन्यात दोन्ही देशांत करार झाला : मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, मोबाइल काढून घ्यायचा नाही, आठवड्याला एक सुट्टी द्यायची. इतक्या साध्या गोष्टी दोन सरकारांना कागदावर लिहून घ्याव्या लागल्या.

माणसं बाहेर पाठवण्याची ही व्यवस्था सुरू झाली ती तात्पुरती म्हणून. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला होता. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव चौपट झाले आणि तेल आयात करणाऱ्या फिलिपिन्सचं कंबरडं मोडलं. देशात बेकारी होती, आणि रिकामी बसलेली तरुण पोरं कुठल्याच हुकूमशहाला परवडत नाहीत. उलट सौदी अरेबियात त्याच तेलाचा पैसा वाहत होता. तिथे गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर हवे होते. १ मे १९७४ रोजी, कामगार दिनाचा मुहूर्त साधून, मार्कोस यांनी नवी कामगार संहिता जारी केली आणि परदेशी नोकऱ्या मिळवून देण्यासाठी सरकारी मंडळं काढली. खलाशांसाठी वेगळं मंडळ होतं. सरकारच एजंट झालं म्हणा ना.

बाहेर जाण्याची सवय अर्थात त्याआधीची. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना, १९०६च्या डिसेंबरात, पंधरा मजुरांची पहिली तुकडी हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांच्यामागून हजारो गेले. अमेरिकी राजवटीने इंग्रजी शाळा आणि नर्सिंगचं शिक्षण दिलं, आणि पुढे त्याच नर्सना अमेरिकी हॉस्पिटलांनी बोलावून घेतलं. पण तोवर जाणारा आपल्या हिमतीवर जात होता. १९७४नंतर ते राष्ट्रीय धोरण झालं. १९७५ साली बाहेर गेलेल्यांची नोंद ३६ हजारांची आहे. २०१९ साली, कोविडच्या आदल्या वर्षी, तीच नोंद २१ लाखांच्या वर गेली. आखातातली बांधकामं मंदावली तशी हाँगकाँग, सिंगापूर, कुवेतच्या घरांतून मागणी वाढली आणि पुरुषांच्या जागी बायका जाऊ लागल्या. आज बाहेर असलेल्या कामगारांत बायका निम्म्याहून जास्त आहेत.

त्यांच्या पैशावर सरकारचा डोळा किती होता, हे १९८२च्या हुकमावरून दिसतं. परदेशातल्या फिलिपिनोने पगाराचा ठरावीक हिस्सा सरकारमान्य बँकांतूनच घरी पाठवायचा : घरकामगारांनी निम्मा, खलाशांनी ऐंशी टक्के. पैसे पाठवल्याचा पुरावा नसेल तर पासपोर्टचं नूतनीकरण नाही. कर्जात बुडालेल्या सरकारला डॉलर हवे होते, इतकाच त्याचा अर्थ. हाँगकाँगमधल्या मोलकरणींनी एकत्र येऊन याविरुद्ध संघटना उभी केली आणि १९८५ साली सरकारला शिक्षेची तरतूद सोडून द्यावी लागली. मार्कोसच्या अमलात, तेही परक्या शहरात रविवारच्या एका सुट्टीत जमणाऱ्या बायकांनी हे करून दाखवलं. या इतिहासात तो प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याचीच आठवण सर्वांत कमी काढली जाते.

पुढची राजवट जबरदस्तीऐवजी कौतुकाची. १९८८ साली मार्कोसनंतरच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो हाँगकाँगला गेल्या आणि घरकामगारांना म्हणाल्या, तुम्ही देशाचे नवे वीर. ती पदवी आजतागायत प्रत्येक नेता वापरतो. सात वर्षांनी, १७ मार्च १९९५ रोजी, सिंगापूरने फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो मोलकरणीला दुहेरी खुनाच्या आरोपाखाली फाशी दिली. ती निर्दोष आहे असं फिलिपिन्समध्ये लाखोंना वाटत होतं, आणि आपल्या वकिलातीने तिच्यासाठी फार काही केलं नाही असंही. परराष्ट्रमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. जूनमध्ये घाईघाईने स्थलांतरित कामगारांचा कायदा आला. त्यात चक्क लिहिलं आहे, की आर्थिक वाढ टिकवण्याचं साधन म्हणून राज्यसंस्था परदेशी रोजगाराला उत्तेजन देत नाही. हे कलम पुस्तकात आहे. आणि २०२४ साली बँकांमार्फत आलेली रक्कम होती जवळजवळ साडेचौतीस अब्ज डॉलर, देशाच्या एकूण उत्पादनाच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास.

कोकणातल्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की फिलिपिन्समध्ये अख्खा देश चाकरमान्यांवर चालतो, आणि धनी दुसऱ्याच देशात असतो. तिथे काही बिनसलं की धक्का थेट गावात येतो. १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा हजारो फिलिपिनो जॉर्डनच्या वाळवंटातून घरी परतले. २००८च्या मंदीत तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांनी त्यांना हजारोंनी घरी पाठवलं. मग २०१५-१६मध्ये तेल घसरलं, सौदी सरकारने कंत्राटदारांची बिलं थकवली आणि सौदी ओजेरसारख्या बड्या कंपन्यांचे कामगार महिनोन्‌महिने पगाराविना छावण्यांत अडकले. परक्या कामगाराला मालकाशी बांधून ठेवणाऱ्या कफाला पद्धतीमुळे मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नव्हता. त्या छावण्यांत भारतीयही होते. जेद्दाहमध्ये उपाशी बसलेल्या आपल्या कामगारांना अन्न पोचवण्याची व्यवस्था सुषमा स्वराज यांनी केली, ती बातमी अनेकांना आठवत असेल. फिलिपिनो कामगारांचा थकलेला पगार देऊ, असं आश्वासन सौदी युवराजांनी दिलं २०२२च्या नोव्हेंबरात, आणि पैसे मिळायला लागले २०२४ साली. कंपनी तोवर बंदही पडून गेली होती.

नोकरी गेली म्हणजे पगार थांबला, एवढ्यावर हे भागत नाही. जातानाच कर्ज झालेलं असतं. एजन्सीची फी कायद्याने एका महिन्याच्या पगाराइतकीच, घरकामगारांना तर ती माफ. पण ‘प्रशिक्षण’, ‘वैद्यकीय तपासणी’ अशा नावांखाली ती वसूल होतेच. त्यासाठी शेत गहाण पडतं किंवा ‘फाइव्ह-सिक्स’ घेतलं जातं, म्हणजे पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे. मोटारसायकलवरून दारोदार फिरून हा धंदा करणारे बहुतेक पंजाबी असतात. फिलिपिन्समध्ये त्यांना सरसकट ‘बुम्बाय’ म्हणतात. आपल्या मुंबईचं नाव तिकडे सावकाराला चिकटलं आहे, हे इथे फारसं कुणाला माहीत नसतं.

आता घरच्या व्हीआयपींकडे येऊ. सिनेमा-टीव्हीचा तारा आणि सत्ता यांचं तिथे जुनं साटंलोटं आहे. नट जोसेफ एस्त्रादा १९९८ साली राष्ट्राध्यक्ष झाले; सिनेटमध्ये कायम दोन-चार नट, एखादा टीव्हीवाला असतोच; बॉक्सर पाक्याव २०१६ साली तिथे पोचले. प्रसिद्धी, आडनाव आणि पद एकाच घरात जमलं की रांग मोडणं हा हक्कच वाटू लागतो. मनिलाच्या वाहतुकीत तर ते सरळ ऐकू येतं. २०१० साली कोराझोन यांचे चिरंजीव बेनिग्नो अकिनो राष्ट्राध्यक्ष झाले; त्यांनी शपथविधीच्या भाषणात जी वचनं दिली, त्यांत बड्यांच्या गाड्यांवरचे भोंगे आणि उलट्या दिशेने गाडी घालणं बंद, हेही होतं. लोकांना ते वाक्य बाकी भाषणापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

पण त्याच अकिनोंच्या कारकिर्दीत, २०१५च्या ऑगस्टमध्ये, कस्टम खात्याने बालिकबायान पेट्या उघडून तपासण्याचा घाट घातला. ही पेटी म्हणजे परदेशातल्या कामगाराने घरी पाठवलेला कमरेइतका उंच पुठ्ठ्याचा खोका. बोटीने जातो, भाडं वजनावर नसून खोक्यावर, म्हणून तो ठासून भरायचा : डबाबंद मांस, टूथपेस्ट, साबण, टॉवेल, चॉकलेट, बुटांच्या आत कोंबलेले मोजे. सेलमध्ये एकेक वस्तू घेत भरायला महिनोन्‌महिने लागतात, पोचायला आणखी महिना-दोन महिने. बंदरातून बडे तस्कर कंटेनरच्या कंटेनर सोडवून नेतात आणि आमच्या साबणांत हात घालता, असा तो संताप होता. राष्ट्राध्यक्षांना मध्ये पडून पेट्या उघडू नका असं सांगावं लागलं, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने करमाफीची मर्यादा दीड लाख पेसोंपर्यंत नेली.

दोन्ही धागे सर्वांत उघडपणे एकत्र आले ते २०२०मध्ये. जगभर नोकऱ्या गेल्या, क्रूझ जहाजं थांबली आणि त्या वर्षात सरकारने तीन लाखांहून अधिक लोकांना परत आणलं. मनिलाच्या उपसागरात वीसहून जास्त क्रूझ जहाजं नांगर टाकून उभी होती, खलाशी केबिनमध्ये चाचणीच्या निकालाची वाट पाहत. मे महिन्यात सुमारे चोवीस हजार परतलेले कामगार क्वारंटाइनमध्ये खोळंबले होते. आठवड्याभरात त्यांना घरी पाठवा, असं शेवटी दुतेर्तेंनी बजावलं. मार्चमध्ये एक सिनेटर चाचणीचा निकाल येण्याआधीच बाळंतीण होणाऱ्या पत्नीसोबत हॉस्पिटलात फिरून आले होते, आणि निकाल पॉझिटिव्ह आला. मेमध्ये मनिला महानगराचे पोलीसप्रमुख देबोल्द सिनास यांचा वाढदिवस हाताखालच्या पोलिसांनी पहाटे गर्दी जमवून साजरा केला. फोटो पोलिसांनीच टाकले. लॉकडाउन मोडला म्हणून सामान्य माणसं तेव्हा हजारोंनी पकडली जात होती. सिनास नोव्हेंबरमध्ये देशाचे पोलीसप्रमुख झाले.

म्हणूनच २०२५मध्ये पूरनियंत्रणाच्या कामांतला घोटाळा बाहेर आला तेव्हा लोकांनी कंत्राटांच्या फायलींआधी कंत्राटदारांच्या आणि राजकारण्यांच्या मुलांची इन्स्टाग्राम खाती उघडली. पर्सा, घड्याळं, युरोपच्या सहली. २१ सप्टेंबरला, लष्करी कायद्याच्या तारखेला, मनिलात प्रचंड मोर्चे निघाले. राष्ट्राध्यक्षपदी तेव्हा त्याच मार्कोस यांचे चिरंजीव होते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दुतेर्तेंना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेल्यावर परदेशातल्या त्यांच्या समर्थकांनी आठवडाभर घरी पैसे न पाठवण्याची हाक दिली होती. सक्तीने पैसे मागवणाऱ्या १९८२च्या हुकमाची ही बरोबर उलटी बाजू. एप्रिलचे आकडे आले तेव्हा रक्कम आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा वाढलेलीच निघाली. राग कितीही असो, आईचं औषध, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता एक आठवडा अडवून धरणं बहुतेकांच्या हातात नव्हतं.