यंत्र विचार वाचत नाही, हालचालीचा अंदाज बांधते

'लकवा झालेल्या माणसाने नुसते मनात आणले की रोबोटिक हात त्याचे विचार वाचून हवी ती वस्तू उचलून देतो,' असा मजकूर अनेक वर्षे चित्रफितींसह फिरतो आहे. चित्रफीत खरी असू शकते. गफलत 'विचार वाचून' या शब्दांत आहे.

आपला उजवा हात कोपराच्या जरा खाली डाव्या हाताने धरून बोटे एकेक करून मिटून पाहावीत. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू तळहातात नसून तिथे आहेत, हे लगेच जाणवते. स्नायूने प्रत्यक्ष ओढ देण्याच्या सेकंदाचे काही शतांश आधी त्यात विद्युत संकेत उमटतो आणि त्वचेवरचे इलेक्ट्रोड तो टिपतात. त्या संकेताला सांध्यांचे कोन आणि नजरेची दिशा यांची जोड देऊन संगणक पुढची हालचाल कोणती असेल, याची शक्यता मांडतो. निरोगी माणसांच्या सफाईदार हालचालींवर घडवलेला अंदाज कंप किंवा ताठरपणा असलेल्या हाताबाबत सहज चुकतो. म्हणून त्याच व्यक्तीकडून सराव करून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते खरे कष्ट इथेच आहेत. मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात तेव्हाही बहुधा हालचालीच्या प्रयत्नाचेच संकेत टिपले जातात, आठवणी किंवा मते नव्हेत.

चित्रफीत पाहताना इलेक्ट्रोड कुठे आहेत, समोर किती वस्तू ठेवल्या आहेत, आधी सराव झाला होता का आणि चित्रणाचा वेग वाढवला आहे का, एवढे तपासावे. टेबलावर एकच पेला असेल, तर अंदाज चुकायला फारसा वावच उरत नाही.