हॅबिटॅट शॉट

हॅबिटॅट शॉट म्हणजे जंगली जनावराचा असा फोटो ज्यात जनावर छोटंसं असतं आणि बाकीची जागा त्याचं जंगल, पाणी, गवत, आभाळ घेतं. मागे दोन झाडं दिसली म्हणून तो हॅबिटॅट शॉट होत नाही, ती झाडं काढल्यावर फोटोत काही उरूच नये, तेव्हा जमला म्हणायचा. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत यासाठी वेगळा गट आहे, आणि २०२० चं सगळ्यात मोठं बक्षीस याच गटातल्या फोटोला गेलं, सर्गेई गोर्शकोव या रशियन फोटोग्राफरची, झाडाच्या खोडाला मिठी मारून उभी असलेली अमूर वाघीण (तो कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने काढलाय आणि त्याला अकरा महिन्यांवर वेळ लागला).

नागपूरकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. पेंचचं सिल्लारी किंवा खुर्सापार गेट, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा, सगळं सकाळी निघून गाठता येतं. पण जिप्सीत बघाल तर सगळ्यांच्या हातात १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स आणि वाघाचं तोंड फ्रेमभर पाहिजे. या कामाला त्याहून कमी झूमची ७०-२०० किंवा १००-४०० बरी, वाघ रस्त्यावरच आला तर २४-७० सुद्धा.

खरा फरक सीझन पाडतो. ऑक्टोबरात कोअर (जंगलाचा आतला राखीव भाग) उघडतं तेव्हा गवत उंच असतं, चितळाचे नुसते कान दिसतात. डिसेंबर-जानेवारीत तलावावर धुकं आणि सोनेरी गवत, ताडोबा तलावाच्या पाण्यात उभं सांबर तेव्हाच बघावं. फेब्रुवारी-मार्चमधे पळस पेटतो, कुसुमला लाल पालवी येते, आणि एप्रिल-मे मधे साग पार उघडा पडतो, कुलूच्या झाडांची पांढरी खोडं दिसायला लागतात, जंगल आरपार दिसतं म्हणून माझ्या मते हाच सगळ्यात चांगला काळ, ऊन सोसत असेल तर. मात्र नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरची गरम हवा थरथरते आणि लांबचं काही शार्प येत नाही, तिथे लेन्स कितीही महाग असली तरी उपयोग नाही.

कंपोझिशनमधे पहिली गोष्ट म्हणजे जनावर कितीही छोटं असलं तरी आकार कळला पाहिजे. वाळक्या बांबूत वाघाचे पट्टे विरून जातात, म्हणून त्याचं डोकं दोन बेटांमधल्या मोकळ्या जागेत येईपर्यंत थांबायचं. रानगवा काळपट, त्याच्यामागे उजेडाचं गवत हवं, सावली नको. सागाच्या जंगलात कॅमेरा उभा धरून बघा, खोडांच्या रेषा आपोआप काम करतात. जिप्सीच्या उंचीवरून जवळचं जनावर वरून दिसतं आणि फ्रेममधे नुसती माती येते, तेच लांब असलं की कोन आपसूक खाली येतो. अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८ च्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी लहान ठेवा, मागचं सगळं धूसर केलं तर हा फोटो काढायचाच कशाला! आता सिमेंटचा पाणवठा, सोलर पंप, पेंचजवळ हायवेखालचे जनावरांसाठीचे अंडरपास, हे फ्रेमबाहेर ठेवायचं का यावर लोक भांडतात, मला विचाराल तर राहू द्या, आजचं जंगल असंच आहे.

प्रोसेसिंग रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याची मूळ, काही न बदललेली फाइल), आणि हात आखडता ठेवून. फोटो काढतानाच एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आभाळ पांढरंफटक होणार नाही एवढं कमी ठेवायचं, गव्याच्या अंगावरच्या शॅडो नंतर थोड्या उचलता येतात. ऑटो व्हाइट बॅलन्स मे महिन्याच्या संध्याकाळचा पिवळा रंग मारतो, तो हाताने परत आणावा. धुरकटपणा काढणारा डीहेझचा स्लायडर सगळ्यात घातक, कारण धुकं आणि धुळीमुळेच मागची झाडं मागे वाटतात, ते पुसलं की सगळं जंगल एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं. जनावरावर मास्क टाकून (तेवढाच भाग निवडून) साधारण पाव स्टॉप, म्हणजे अगदी थोडा उजेड वाढवलेला चालतो, त्याच्याभोवती कडा चमकायला लागली की जास्त झालं समजायचं. सॅच्युरेशन वाढवून मार्चचं जंगल श्रावणातलं करणारेही आहेत! काडी-फांदी एआयने पुसायची सवय तर लागलीच आहे, पण मोठ्या स्पर्धांमधे शेवटच्या फेरीत मूळ रॉ मागतात आणि तिथे ते उघडं पडतं.

व्हॉट्सअॅपवर हे फोटो मार खातात, मोबाइलवर वाघ ठिपक्याएवढा दिसतो आणि ग्रुपवर लगेच "भाऊ, वाघ कुठंय?" येतं. म्हणून निदान १२ बाय १८ इंचाचा प्रिंट काढून बघावा, आणि शार्पनिंग त्या साइजप्रमाणे शेवटी, तेही जनावरापुरतंच करावं, आभाळावर केलं तर दाणे वर येतात.