डासांच्या मशीनची वात आणि ई-सिगारेटची वात

गेल्या महिन्यात एक बाई माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आल्या. पिशवीतून एक चकचकीत नळी काढून म्हणाल्या, "दादा, डासाच्या मशीनचंच काय तर हाय म्हणतंय पोरगं. वात जळालीय, बदलून द्या की." नळीला आंब्याच्या गोळीचा वास येत होता. ई-सिगारेट होती ती.

पोरगं अगदीच खोटं बोललं नव्हतं. दोन्हींत वात द्रव ओढून घेते आणि विजेची उष्णता त्याची वाफ करते. फरक आहे तो वात आणि उष्णता यांच्यातल्या अंतराचा. कुठला भाग आधी मरतो आणि तो बदलणं किती सोपं, हे त्यावरच ठरतं.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी भरलेली पिंपं आणि त्यामुळे डास. त्यामुळे ही मशीनं माझ्या टेबलावर कायम पडलेली. उघडलं की आत तारेची कॉइल नसते, एक कडी असते आणि तिला लागून सिरॅमिकची छोटी चकती. तापली की चकतीचा विजेला होणारा रोध वाढतो, करंट घटतो, त्यामुळे ती ठरावीक उष्णतेपुढे जातच नाही. बाटलीतली वात म्हणजे कडक कांडी. ती कडीच्या मधोमध उभी राहते, पण टेकत नाही. बाटली संपली की वातीसकट काढायची, नवी फिरवून बसवायची. कडी वर्षानुवर्षं चालते.

ई-सिगारेटमध्ये अंतरच नाही. निक्रोम किंवा कंथल या मिश्रधातूच्या बारीक तारेची स्प्रिंग आणि तिच्या पोटात कापूस. ओढताना बॅटरी तार तापवते, २०० अंशांच्या पुढे. कापूस जळत नाही कारण तो ओला असतो. घरातली समई आठवा: तेल आहे तोवर वात टिकते, तेल सरलं की वातच जळून काळी पडते. इथंही तसंच. द्रव कमी पडला किंवा लागोपाठ झुरके मारले की कापूस करपतो आणि घशाला जळका ठसका लागतो. शिवाय द्रवातली गोडी तारेवर काजळीसारखी बसते. समईची वात सारता येते, काजळी झाडता येते. इथं वात तारेत अडकलेली, म्हणून तार आणि वात एकदमच जातात.

त्यावर बनवणाऱ्यांनी काढलेली तोड म्हणजे तार, कापूस आणि रबरी रिंगा एकाच छोट्या डबीत बसवायच्या. आधी ती आट्यांवर फिरवून लावायची, द्रवाने निसरडी झालेली डबी बोटांत फिरायची नाही. मग नुसती दाबून बसणारी डबी आली. नवी बसवली तरी द्रव कापसात मुरायला काही मिनिटं थांबावं लागतं, घाई केली की पहिल्याच झुरक्याला करपते. हौशी लोक तार तीच ठेवून फक्त कापूस बदलतात. स्वस्त पडतं, पण कापूस घट्ट भरला तर द्रव चढत नाही, सैल भरला तर गळतो. निकोटिनचा द्रव बोटांना लागतो तो वेगळाच, निकोटिन कातडीतूनही आत जातं. आणि वापरून फेकायच्या नळ्यांत तर बदलण्यासारखं काहीच नाही, चालू बॅटरीसकट सगळं कचऱ्यात.

बाईंच्या हातात तसलीच होती. बदलता येणारी असती तरी मी डबी आणून दिली नसती. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं बंद आहे. अख्खी तर नाहीच, तिचा सुटा भागही नाही. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"मग भंगारात टाकू का?" बाईंनी विचारलं. म्हटलं, नको, आत लिथियमची बॅटरी आहे, दाबली गेली तर पेट घेईल. त्यांनी नळी पुन्हा पिशवीत ठेवली, डासांच्या मशीनची एक बाटली घेतली आणि जाताजाता म्हणाल्या, "हिची वात तरी खरी हाय नव्हं?"